ओळंब्यापुढची नणंद

रागावलेल्या माणसाचे स्नायू तपासू नयेत, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. निदान नणंदेचे तरी तपासू नयेत, एवढं तळटीपेत घातलं असतं तरी चाललं असतं.

झालं असं, की आमच्या उपचार केंद्रात मोठ्या मॅडमनी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. स्नायूंचा असमतोल हाताने ओळखायचा आणि हातानेच दुरुस्त करायचा. मला हसूच आलं. चोवीस वर्षं मी दुसरं काय करतेय? कोणाची मान, कोणाची कंबर, कोणाचा गुडघा. दारातून आलेला माणूस खुर्चीपर्यंत पोचायच्या आत त्याचं कुठे अडलंय ते मी सांगते. तसं मी मॅडमना बोलूनही दाखवलं.

"तुमच्या हातांबद्दल शंकाच नाही हो," मॅडम म्हणाल्या. "पण आता कागद लागतो. दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे. पास होतील त्यांनी पेशंट तपासायचे, बाकीच्यांनी तळमजल्यावर शेक द्यायचा."

शेक! पिशवी गरम करायची, टॉवेलात गुंडाळायची, पेशंटच्या पाठीवर ठेवायची आणि वीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं. शेक देणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण माझ्या दहा बोटांना त्यात काय काम? घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरंय की, हातांना आराम मिळेल." माणसाने नवरा जरूर करावा, पण त्याला दुःख सांगायला जाऊ नये.

पहिल्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या व्यायामाच्या हॉलमध्ये आम्ही अठरा जण जमलो. शिकवायला बाहेरून एक सर आले होते. काटकुळे, कानावर पेन्सिल, आणि हातात चक्क गवंड्याचा ओळंबा. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन त्यांनी छताच्या हुकाला टांगलं.

"भिंत कललीय का ते गवंडी याने बघतो," ते म्हणाले. "आपण माणूस बघायचा. चला, उंचीप्रमाणे रांग लावा. शेजारचा तो तुमचा जोडीदार. दोन दिवस बदलायचा नाही, परीक्षाही त्याच्यावरच."

मी रांगेत उभी राहिले, शेजारी बघितलं, आणि शेकाच्या पिशव्या माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागल्या. शेजारी छकुली होती.

छकुली म्हणजे माझी धाकटी नणंद. वय वर्षं सेहेचाळीस, डोळ्यांवर जाड चष्मा, निम्मे केस पांढरे, तरी छकुलीच. तीही याच केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांच्या विभागात. पूर्वी आम्ही दुपारचा डबा एकत्र खायचो. आता आठ महिने झाले, एकमेकींशी अक्षर बोललेलो नाही. जिन्यात समोर आली, की मी नोटीस बोर्ड वाचायला लागते. आग लागली तर काय करायचं, त्याच्या बाराही सूचना मला तोंडपाठ झाल्यात.

भांडण कशावरून, ते सांगायचीही लाज वाटते. माझ्या सासूबाई, म्हणजे छकुलीची आई, गेल्या वर्षी डावीकडून लुळ्या पडल्या. त्या आमच्याकडे होत्या. रोज सकाळी सातला छकुली यायची आणि आम्ही दोघी मिळून त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचो. लुळ्या बाजूला मी, धडक्या बाजूला ती. एक, दोन, तीन, झालं. दोन मिनिटांचं काम. एके दिवशी ती म्हणाली, "वहिनी, गुडघे वाकव. पाठीतून उचलतेस तू."

बास! माझं डोकंच फिरलं. हिला या कामाला मी लावलं, हिच्या पहिल्या पेशंटची टाच हिच्या हातात मी दिली, आणि ही मला उचलायला शिकवणार? मी म्हटलं, आधी तुझं कोपर बघ कुठे चाललंय. ती म्हणाली, पुस्तकात असंच आहे. मी म्हटलं, कुठल्या पुस्तकात, दाखव. सासूबाई आमच्या दोघींच्या मध्ये अर्ध्या उचललेल्या. "अगं, मला आधी कुठेतरी ठेवा," त्या ओरडल्या, "मग काय ते भांडा!" शेवटी माझ्या तोंडून गेलं, "एवढं कळतंय ना? मग ने आईंना आणि उचल पुस्तकाप्रमाणे!"

संध्याकाळी ती खरंच गाडी घेऊन आली. सासूबाई गेल्या, त्यांची काठी गेली, रेडिओ गेला. हे दर रविवारी आईला भेटून येतात आणि घरी आल्यावर मूग गिळून बसतात. मीही काही विचारत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मागे फिरेल ती मी कसली?

तर पहिला दिवस. सर म्हणाले, "एकाने आडवं व्हायचं, दुसऱ्याने दाबायचं. आडव्याने विरोध करायचा. हळूहळू."

"झोप," मी छकुलीला म्हटलं. आठ महिन्यांतला माझा पहिला शब्द. ती झोपली.

"डावा पाय वर." केला.

"धर." मी दाबला. तिने असा काही धरला की टेबलच सरकलं. मी दोन्ही हातांनी दाबला. तिने दातओठ खाल्ले. तिचा चष्मा नाकावरून घसरला, माझा अंबाडा सुटला, आणि आजूबाजूच्या जोड्या स्वतःचं काम सोडून आमच्याकडे बघायला लागल्या.

"अहो, काय चाललंय काय?" सर धावत आले.

"विरोध बघतेय, सर. भरपूर आहे."

"ताकद नाही मोजायची, बाई! स्नायू जागा आहे की झोपलाय एवढंच बघायचंय. दोन बोटांनी दाबा. कुस्ती घरी."

कुस्ती घरीच सुरू झाली होती, पण ते त्यांना कुठे माहीत?

मग सरांनी आमच्या सगळ्यांची खोड पकडली. टेबलांवर झोपलेल्या नऊ जणांना ते म्हणाले, "जोडीदार तुमचा हात उचलेल. तुम्ही हात पूर्ण सैल सोडा, सगळा भार त्याच्यावर." आम्ही हात उचलले. सर म्हणाले, "आता तुम्ही तुमचे हात काढून घ्या." घेतले. तर काय, आठ जणांचे हात तसेच हवेत! तपासणाऱ्याला जड होऊ नये, म्हणून आमच्या धंद्यातली माणसं आपलं वजन आपणच धरून ठेवतात. आम्हाला वाटतं आपण मदत करतोय. नववा हात तेवढा धपकन खाली पडला, पण तो मनुष्य खरोखरच झोपला होता.

"मदत करणारा पेशंट अंगाने खोटं बोलतो," सर म्हणाले. "आणि आणखी एक ध्यानात ठेवा. जो स्नायू ओरडतो तो चोर नसतो. तो बिचारा दोघांचं काम एकटा करतोय. शेजारी कोणीतरी निवांत झोपा काढतंय, त्याला शोधा."

दुरुस्तीच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. आवळलेला सैल करायचा, झोपलेला जागा करायचा, आणि ज्या सवयीने हे झालं ती मोडायची. तिसरी राहिली, की पहिल्या दोन म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून परीक्षेत तिसरीला निम्मे गुण. शिवाय तपासणाऱ्याने सांगितलेलं कारण पेशंटने सगळ्यांसमोर मान्य करायला हवं, नाहीतर सरळ नापास. हा नियम ऐकून मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. माझं काही मान्य करायचं, ही छकुलीची पद्धत नाही.

दिवसभरात मी तिचे घोटे आणि गुडघे तपासले, तिने माझे. माझी पोटरी दाबताना ती एकदा म्हणाली, "आवळलीय."

"असू दे," मी म्हटलं. हुकूम सोडले, तर दिवसभराचं आमचं बोलणं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. मोठ्या मॅडम वही घेऊन खुर्चीत बसल्या, सर ओळंब्याजवळ उभे, बाकीचे भिंतीला टेकून. आमचा नंबर चौथा, आधी तपासणार मी. छकुली बिनबाह्यांचा व्यायामाचा बनियन घालून आली. आधी पेशंटकडून माहिती घ्यायची असते.

"काय त्रास?" मी विचारलं.

"उजवी कंबर दुखते."

"कधीपासून?"

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे. "सात-आठ महिने."

"एका बाजूने काही उचलता का?" परीक्षा होती, म्हणून अहो-जाहो.

"पर्स," ती म्हणाली. "उजव्या खांद्यावर."

मी कागदावर 'पर्स' लिहिलं आणि माझं पेन थांबलं. मी नोटीस बोर्ड वाचत असले तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला सगळं दिसतं. ही बाई पर्स डाव्या खांद्यावर घेते. कालही डावीकडे होती, आजही डावीकडे होती.

तिला ओळंब्यापुढे पाठमोरी उभी केली. दोरी बरोबर पाठीच्या मधून जायला हवी. नव्हती जात. उजवा खांदा खाली आलेला, उजवी कंबर वर चढलेली, सगळं अंग उजवीकडे दुमडलेलं. मग तिला कुशीवर झोपवलं आणि उजवा पाय वर उचलायला सांगितला. तिने उचलला, पण मागच्या बाजूचा जो स्नायू उचलतो तो ढिम्म, सगळं कमरेने ओढून चाललेलं. मी दोन बोटं ठेवून जरा दाबलं, तर पाय खाली. काल डाव्या पायाने टेबल सरकवणारी बाई आज माझ्या दोन बोटांना हरली. कमरेवर हात ठेवला, तर उजवीकडे नुसता दगड. तिने श्वास रोखला.

आणि मग तिला पालथी करताना केस बाजूला सरकले, तेव्हा मला तिच्या डाव्या खांद्यामागे, मानेच्या जवळ, नखांच्या खुणा दिसल्या. तीन. जुन्या खुणांवर नव्या.

दुसऱ्या कोणाला काही कळलं नसतं. मला कळलं. सासूबाई उजव्या हाताची नखं कोणाला कापू देत नाहीत. "पाठ कोण खाजवणार मग? तू?" असं विचारतात. मागे छकुली आठवडाभर परगावी गेली होती, तेव्हा मी एकटी त्यांना समोरून कवेत घेऊन उचलायची. त्यांच्या लुळ्या बाजूचा सगळा भार माझ्या उजव्या हातावर यायचा, आणि पडायच्या भीतीने त्या चांगल्या हाताने माझा डावा खांदा गच्च धरायच्या. अशाच तीन खुणा, इथेच. आठवड्यात माझी कंबर धरली होती. मी ह्यांच्यावर खेकसून खेकसून घर डोक्यावर घेतलं होतं.

एक आठवडा. आणि हिचे आठ महिने. नवरा फिरतीवर, मुलगी शिकायला बाहेर, घरात उचलायला ही एकटी.

झोपा काढणारा स्नायू कोण, ते आता मला सरांनी सांगायची गरज नव्हती.

"कारण?" मोठ्या मॅडमनी पेन सरसावून विचारलं.

पर्स. कागदावर लिहिलेलंच होतं. पर्स म्हणायचं, दुसऱ्या खांद्यावर घ्या म्हणून सांगायचं, पूर्ण गुण घ्यायचे आणि आपल्या टेबलाशी परत जायचं. छकुलीने माझ्यासाठी ते आयतं वाढून ठेवलं होतं. चार लोकांत माझी शोभा होऊ नये म्हणून. माझी! आणि खरं सांगावं, तर ही ते मान्य करणार का? पुस्तकाप्रमाणे उचलून दाखवते म्हणून आईला घेऊन गेलेली बाई ही. आपल्याला जमलं नाही, हे भरल्या हॉलमध्ये कबूल करणार? ती नुसतं 'नाही, पर्सच' म्हणाली, की मी गेले तळमजल्यावर.

तिचा चेहरा टेबलाला श्वासासाठी ठेवलेल्या भोकात होता, पाठ माझ्याकडे. त्या तीन खुणांवरून माझी नजर हलेना.

"पर्स नाही," मी म्हटलं.

"पेशंटने पर्स सांगितलंय," मॅडम म्हणाल्या.

"पेशंट धादांत खोटं बोलतोय. पर्स ही डावीकडे घेते. ही रोज सकाळी एका आजारी बाईंना एकटीने उचलते. समोरून, कवेत घेऊन. त्यांची डावी बाजू लुळी आहे, त्यामुळे सगळा भार हिच्या उजवीवर. आठ महिने. आधी उचलायला दोघी होत्या."

"मग दुसरी कुठे गेली?" सरांनी विचारलं.

मी कागदावरचं 'पर्स' खोडलं.

"दुसरी मी, सर. मला कोणीतरी गुडघे वाकव म्हटलं, त्याचा राग आला."

भिंतीपाशी कोणीतरी खिक् करून हसलं आणि लगेच गप्प झालं. सर छकुलीच्या डोक्याशी जाऊन उभे राहिले. "ताई, हे खरंय? की पर्स?"

"मला उचलता येतं," टेबलाच्या भोकातून आवाज आला.

गेला कागद. गेली चोवीस वर्षं. पिशव्या, टॉवेल, घड्याळ.

"महिनाभर आलं," भोकातला आवाज म्हणाला. "मग नाही आलं. वहिनी, आई किती जड झालीय तुला माहीत नाही."

आणि सरांच्या बुटावर टपकन एक थेंब पडला. सरांनी हळूच पाय मागे घेतला.

"अगं गाढवे," मी म्हटलं. "मग मला सांगता येत नव्हतं?"

"तू नोटीस बोर्ड वाचत होतीस."

मी हात कामाला लावले. बोलण्यात मी नेहमीच मार खाते, हातांनी कधी नाही. आवळलेल्या कमरेवर तळवा ठेवला आणि तिच्या श्वासाबरोबर हळूहळू दाबत गेले. तिचा हात उचलून म्हटलं, "सोड, छकुली." एक क्षण तो हवेत राहिला. मग तिने सोडला. इतका जड हात! त्या दगडाचं हळूहळू माणसाचं अंग झालं. मग तिला कुशीवर वळवून झोपलेल्या स्नायूवर दोन बोटांनी टिचक्या मारल्या. "इथून उचल. कमरेने नाही. कमरेला म्हणावं, तू गप्प बस जरा." पाचव्या वेळेला तो स्नायू माझ्या बोटांखाली थरथरला आणि पाय वर गेला. पुन्हा ओळंब्यापुढे उभी केली, तर दोरी पाठीच्या मध्यापासून बोटभरच लांब राहिली होती.

"दोन पायऱ्या झाल्या," सर म्हणाले. "तिसरी? सवय कशी मोडणार?"

"उद्या सकाळी सात वाजता," मी म्हटलं. "लुळ्या बाजूला मी."

मला अडुसष्ट गुण मिळाले. साठला पास. पेशंटला गाढव म्हटल्याचे पाच कापले, ते मला मान्य आहे. पण तिसऱ्या पायरीचे निम्मेच दिले, म्हणून मी सरांशी वाद घातला. ते कानावरची पेन्सिल काढत म्हणाले, "सवय मोडली की नाही ते आज कसं कळणार, बाई? महिन्याने विचारतो." मोठ्या मॅडमनी कागद हातात दिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू? कागदासाठीच आलं, पण सगळं काही कागदासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच मी छकुलीच्या दारात. हे मागून म्हणत होते, मीही येतो. मी म्हटलं, तुम्ही रविवारी या, तुमचा वार ठरलेला आहे. आत रेडिओ चालू होता. सासूबाईंनी पलंगावरून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"उचलायला आलेय, आई."

"आठ महिने चपला सापडत नव्हत्या वाटतं."

"माझं चुकलं, आई."

त्यांनी रेडिओ बारीक केला. मग चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि तीच तीन नखं रुतवली. "आधीच सांगते," त्या म्हणाल्या, "मध्येच भांडायचं असेल तर मी पडून बरी आहे."

छकुली उजवीकडे गेली, मी डावीकडे. मी सासूबाईंच्या काखेखाली हात घातला. छकुलीने ओठ घट्ट मिटून घेतले होते, इतके घट्ट की गाल फुगले होते.

"बोल," मी म्हटलं.

"काय?"

"तेच. बोलून टाक एकदाचं."

"वहिनी," ती घाबरत घाबरत म्हणाली, "गुडघे वाकव."

मी वाकवले. एक, दोन, तीन, आणि सासूबाई खुर्चीत. त्यांचा पदर सरळ करत मी बराच वेळ उगाच वाकून राहिले, कारण मला छकुलीकडे बघायचं नव्हतं. उचलताना माझी पाठ दुखली नव्हती. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. महिना तर होऊ दे.